नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात

‘इमारतीला लिंग नसतं.’ वाक्य टाळ्यांचं आहे आणि टाळ्या पडल्याही. आमच्या आर्किटेक्ट मंडळींच्या वार्षिक सभेत एका ज्येष्ठांनी ते उच्चारलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. व्याकरणापुरतं बोलायचं तर इमारत ती, वाडा तो आणि घर ते. मराठीनं हा प्रश्न कधीच निकालात काढलाय. पण ज्येष्ठांना व्याकरण सांगायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की काम चांगलं असेल तर ते कुणी केलं हे बघायचं कशाला? बायकांच्या नावानं वेगळे परिसंवाद भरवणं, वेगळे पुरस्कार देणं हा कामाचाच अपमान आहे. मग हात किंचित वर करून ते म्हणाले, ‘गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली दहा नावं सांगा, मी खाली बसतो.’ आणि शेवटी गोड घास भरवला: स्त्रियांकडे जन्मजात संवेदनशीलता असते, घराच्या आतली ऊब त्यांनाच कळते, त्यांचं या व्यवसायातलं योगदान आपण मोकळ्या मनानं मान्य केलं पाहिजे.

ते खाली बसले ते वेळ संपली म्हणून. चहाच्या वेळी मी दोन वाक्यं बोलले, ती कपबशांच्या आवाजात विरली. म्हणून हे लिहून.

काम कुणी केलं हे बघायचं कशाला, असं आमच्याच धंद्यातल्या माणसानं म्हणावं याची मला गंमत वाटते. नावाला आमच्याइतकं जपणारा धंदा क्वचितच असेल. कुठलंही ड्रॉइंग घ्या. उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. फर्मचं नाव ठळक, मग प्रकल्प, स्केल, तारीख, उत्तरेचा बाण. आणि तळाशी बोटभर रुंदीचे दोन चौकोन, ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’. काढलं कुणी आणि तपासलं कुणी. त्यात पूर्ण नाव मावत नाही, आद्याक्षरं मावतात.

माझ्या पहिल्या नोकरीत एका शाळेचा जिना माझ्याकडे आला. जागा उताराची, शाळा प्राथमिक. मी पायरीची उंची साडेपाच इंच धरली, कारण पहिलीतल्या पोराचा पाय सात इंच उचलला जात नाही. आणि मधला टप्पा इतका ऐसपैस ठेवला की मधल्या सुट्टीत तिथे डबे उघडता यावेत. मालकांनी ‘जागा वाया जाते’ म्हणून तो दोनदा खोडला, मी दोनदा परत काढला. शाळा उभी राहिली. पुढे फर्मच्या माहितीपुस्तकात त्याच जिन्याचा पानभर फोटो आला आणि खाली मालकांचं नाव. माझं नाव त्या इमारतीच्या इतिहासात फक्त ‘ड्रॉन’च्या चौकोनात आहे, दोन अक्षरांचं.

यावर लगेच उत्तर येतं की मुलग्यांचंही असंच होतं. होतं ना. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगाही दोन अक्षरांचाच होता. पण तो पाच वर्षांनी ‘चेक्ड’च्या चौकोनात गेला आणि दहा वर्षांनी पाटीवर. इमारत म्हणजे पंधरावीस डोक्यांचं काम असतं, आणि आम्ही ते एका नावाच्या खुंटीला टांगतो. ही सवय सगळ्याच धाकट्यांना गिळते. फरक इतकाच की त्यांतले पुरुष पुढे बाहेर पडतात आणि बायका बहुधा आतच राहतात. म्हणून ‘नाव बघू नका’ हा उपदेश मला पाटीवर ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडून ऐकायचा नाही.

आता नावंच हवी आहेत तर घरापासून सुरुवात करू. नवी मुंबई कुणाच्या डोक्यातून निघाली, हे वाशीत किंवा नेरुळात राहणाऱ्या कुणालाही विचारा. बहुतेक जण म्हणतील सिडको. चार पुस्तकं वाचलेला असेल तो चार्ल्स कोरियांचं नाव घेईल, इंजिनिअर असेल तर शिरीष पटेलांचंही. तिसरं नाव ओठांवर येईपर्यंत बहुधा गाडी मानखुर्द सोडून पुलावर आलेली असते. १९६४ मध्ये मुंबई महापालिकेनं शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हा ‘या बेटावर आणखी किती रचाल, पाण्यापलीकडच्या मुख्य भूमीवर नवं शहर वसवा’ असं उत्तर तिघांनी मांडलं. कोरिया, पटेल आणि प्रवीणा मेहता. १९६५ च्या जूनमध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकाच्या अंकात तो विचार तपशिलानं छापून आला. प्रवीणाबाई मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये शिकलेल्या, पुढे अमेरिकेत शिकागोला जाऊन आलेल्या, आर्किटेक्ट आणि नगररचनाकार दोन्ही. ते शहर वसवायला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले, नियोजन आणि बांधकामाची धुरा पटेलांकडे आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पटेलांनी या प्रस्तावाबद्दल लिहिताना तिघांचीही नावं घेतलेली आहेत. कुणी खोडरबर घेऊन बसलेलं नव्हतं. मग नाव गेलं कुठे? आपणच ते वाटेत सांडलं. बातमीत जागा कमी, भाषणात वेळ कमी, परीक्षेच्या उत्तराला गुण चारच. म्हटलं, एक नाव पुरे. आणि एकच ठेवायचं तर कुठलं ठेवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. ज्येष्ठांनी आपल्या भाषणात नवी मुंबईचा दाखला दिला होता. नाव एकच घेतलं.

मोजत असाल तर एक झालं.

दुसरं जेजेतलंच. १९३६ मध्ये तिथून आर्किटेक्ट होऊन बाहेर पडलेल्या पेरिन जमशेटजी मिस्त्री. आपल्या देशातल्या पहिल्या पदविकाधारक स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मुंबईत कार्मायकल रोडवर बंगला, कंबाला हिलवर चर्च, बोरिवलीला खटाव मिलचं काम. त्या ज्या फर्ममध्ये होत्या तिची पाटी होती ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेडवार’. आता त्या पाटीवरचं ‘मिस्त्री’ म्हणजे कोण, वडील, भाऊ की पेरिनबाई, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कसं कळावं? ‘बापाची फर्म होती म्हणून जमलं’ असं कुणी म्हणेल. जमलं खरं. पण बापाची फर्म असलेल्या मुलग्यांना हा शेरा कुणी मारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याला आपण परंपरा म्हणतो.

तिसरं नाव श्रीलंकेचं, पण धागा पुन्हा मुंबईचाच. मिनेट डी सिल्वा कँडीहून मुंबईला आर्किटेक्चर शिकायला आल्या. गांधीजींच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चात गेल्या म्हणून जेजेनं त्यांच्यावर कारवाई केली आणि माफीनामा मागितला. बाईंनी लिहून दिला नाही, शाळा सुटली. १९४६ मध्ये मुल्कराज आनंदांनी मुंबईत ‘मार्ग’ सुरू केलं त्या मंडळींत त्या होत्या. पुढे लंडनला शिकून १९४८ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या रॉयल इन्स्टिट्यूटच्या सदस्य झाल्या, त्या मान्यतेच्या पहिल्या आशियाई स्त्री. मग कँडीला परतून डोंगरउतारावर करुणारत्ने कुटुंबाचं घर बांधलं, १९४९ ते १९५१. काँक्रीटच्या सांगाड्यात गावच्या विणकरांच्या चटया, स्थानिक मातीच्या फरश्या, उताराबरोबर खाली उतरत जाणारे मजले. १९५३ मध्ये त्यांनी आपल्या कँडीच्या घराबद्दल ‘मार्ग’मध्ये लिहिलं.

हे वर्ष लक्षात ठेवा, कारण उष्ण प्रदेशातली आधुनिक वास्तुकला म्हटलं की आज आपण जेफ्री बावांचं नाव घेतो. बावा मोठेच, त्यांच्या कामापुढे मी हात जोडते. पण ते आर्किटेक्ट म्हणून पात्र झाले १९५७ मध्ये. आधीची दहा वर्षं त्या बेटावर हा विचार कोण लिहीत आणि बांधत होतं? आमच्या कॉलेजात बावांवर अख्खी तासिका होती. मिनेटबाईंचं नाव मला चाळिशीत कळलं, तेही एका श्रीलंकन मैत्रिणीनं जेवताना सहज काढलं म्हणून.

‘पण या सगळ्या कुणाच्या तरी हाताखालच्याच ना?’ चहाच्या वेळी एका तरुण आर्किटेक्टनं हा प्रश्न मला विचारला, आणि त्यात खवचटपणा नव्हता. म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर.

चंडीगडची खुर्ची तुम्ही चित्रात पाहिली असेल. सागवानी, तिरप्या फाकलेल्या पायांची, वेताच्या बैठकीची. सरकारी कचेऱ्यांतून भंगार म्हणून निघालेल्या या खुर्च्या परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या जातात, पिएर जानेरेच्या नावानं. त्या शहराच्या फर्निचरवर जानेरेबरोबर काम करणाऱ्या युली चौधरींचं नाव लिलावाच्या कॅटलॉगात शोधावं लागतं. त्या १९५१ पासून चंडीगडच्या चमूत होत्या. फ्रेंच येत असल्यानं शहराचा मुख्य रचनाकार कोर्बुझिए आणि इथलं प्रशासन यांच्यामधला पूलही त्याच. बायकांसाठीचं पॉलिटेक्निक त्यांनी बांधलं. पुढे हरियाणा, चंडीगड आणि पंजाब या तिन्ही सरकारांच्या त्या एकेक करून मुख्य आर्किटेक्ट झाल्या. तीन सरकारांची मुख्य आर्किटेक्ट राहिलेली बाई हाताखालची असेल, तर मग हात कुणाचा म्हणायचा? त्याच शहरात जेन ड्र्यू या ब्रिटिश बाईंनी सामान्य सरकारी नोकरांची घरं आखली. चंडीगडला सहलीला जाणाऱ्यांना ते शहर एकाच माणसानं बांधल्यासारखं दाखवलं जातं. कोर्बुझिएलासुद्धा हे पटलं नसतं, असं म्हणणार होते. पण त्याच्याबद्दल तेवढी खात्री देववत नाही.

आणि जिथे बाई हाताखाली नसून बरोबरीची भागीदार होती, तिथे काय झालं? वास्तुकलेतलं १९९१ चं प्रित्झ्कर पारितोषिक रॉबर्ट वेंच्युरींना मिळालं, एकट्याला. पत्नी आणि व्यवसायातली भागीदार डेनिस स्कॉट ब्राउन यांचं नाव नाही, जरी १९७२ च्या ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या पुस्तकावर वेंच्युरी आणि स्टीव्हन आयझेनूर यांच्या बरोबरीनं त्यांचं नाव आहे. पारितोषिक व्यक्तीला असतं, जोडीला नसतं, असं कुणी म्हणेल. ठीक. मग दहाच वर्षांनी, २००१ मध्ये, तेच पारितोषिक हर्झोग आणि द म्युरॉन या जोडीला कसं मिळालं? दोघेही पुरुष. २०१३ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी स्कॉट ब्राउन यांचं नाव जोडण्यासाठी अर्ज फिरवला, हजारोंनी सह्या केल्या. उत्तर आलं की जुन्या परीक्षकांचा निर्णय नवे परीक्षक उघडू शकत नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी चीनच्या वांग शू यांना पारितोषिक मिळालं होतं. फर्म त्यांनी आणि पत्नी लू वेन्यू यांनी मिळून काढलेली, नाव एकाचं. म्हणजे चूक जुन्या परीक्षकांची होती असंही म्हणायची सोय उरली नाही.

स्कॉट ब्राउन यांनी या नाववेडाबद्दल १९७५ च्या सुमारास एक निबंध लिहून ठेवला होता. छापला १९८९ मध्ये. आपल्याच धंद्यातली चिडकी बाई ठरण्याची भीती काय असते ते मला माहीत आहे. हा लेख मीही चार वेळा सौम्य केला आणि मग जुना मसुदा परत काढला.

आता तो गोड घास, आतली ऊब. माझ्या मते भाषणातला हा सर्वांत कडू भाग होता, कारण त्याला उत्तर देणारी बाई कृतघ्न दिसते.

१९२७ मध्ये शार्लोट पेरियाँ नावाची चोविशीची मुलगी पॅरिसमध्ये कोर्बुझिएच्या ऑफिसात काम मागायला गेली. इथे उशांवर भरतकाम होत नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन तिला वाटेला लावलं, ही आठवण तिनंच सांगून ठेवली आहे. काही महिन्यांत तिचं धातू-काचेचं काम प्रदर्शनात पाहून त्यानंच तिला बोलावून घेतलं. तेव्हा बाई म्हणजे उशा हे नकाराचं कारण होतं. आज ज्येष्ठांच्या तोंडी तीच समजूत कौतुक होऊन आली आहे. परिणाम तोच: पोरींनो, पडदे निवडा, तुळया आम्ही बघतो.

तुळयांचंच बोलू. ज्युलिया मॉर्गन यांनी कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या मिल्स कॉलेजसाठी १९०४ मध्ये लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा घंटामनोरा बांधला. काँक्रीट तेव्हा त्या भागात नवखं होतं. दोन वर्षांत, १९०६ च्या एप्रिलमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोला हादरवणारा भूकंप झाला. मनोरा उभा राहिला. मग शहरातलं भलं मोठं फेअरमाँट हॉटेल सावरायचं काम त्यांच्याकडेच आलं, आणि आयुष्यभरात सातशेच्या वर इमारती. १९५७ मध्ये बाई गेल्या. अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेनं सुवर्णपदक दिलं २०१४ मध्ये. ब्राझीलमध्ये लीना बो बार्दी यांनी साओ पाउलोचं कलासंग्रहालय दोन प्रचंड तुळयांना अक्षरशः टांगलं. खाली ७४ मीटर लांबीत मधे एकही खांब नाही, लोकांनी वावरायला अख्खा चौक मोकळा. १९६८. यात आतली ऊब कुठे शोधायची?

मुंबईच्या बृंदा सोमय्यांनी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधलं भडली गाव गावकऱ्यांना बरोबर घेऊन पुन्हा उभारलं, आणि अहमदाबादला लुई कान यांच्या ग्रंथालयाची जखमी विटांची इमारत सावरली. आभा नारायण लांबा यांनी मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा प्रस्ताव तयार केला, तो २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. पुण्यात जन्मलेल्या, जेजेत शिकलेल्या अनुपमा कुंडूंनी ऑरोव्हिलात विटा आणि मातीच्या भांड्यांची छतं बांधून दाखवली. कराचीच्या यास्मीन लारी आहेत, झाहा हदीद होत्या. मोजायचं मी केव्हाच सोडलं आहे, तुम्हीही सोडा.

माझ्यापुरतं खरं उत्तर मात्र या नावांत नाही.

दरवर्षी एप्रिलमध्ये आमच्या कुठल्या तरी साइटवर स्लॅब पडतो. दुसऱ्या दिवशी त्यावर मातीचे किंवा मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करतात आणि पाणी भरतात. दोन-दोन आठवडे ते पाणी आटू द्यायचं नसतं. हे काम बिगारी बाईचं. गवंडी पुरुष, मिस्त्री पुरुष, सेंटरिंगवाला पुरुष. डोक्यावर चुंबळ, त्यावर घमेलं आणि हातात पाण्याचा पाइप ही बाई. माझ्या पंचवीस वर्षांत एकाही साइटवर मी बाईला थापी-ओळंब्याचं काम दिलेलं पाहिलेलं नाही, माझ्या स्वतःच्या साइटवरही नाही. एकदा अशाच एका गच्चीवर पाणी मारणारी बाई मला म्हणाली, ‘म्याडम, ह्ये पाणी तिकडं पायपाकडं जात न्हाई, जिन्याकडं येतंय.’ मिस्त्री हसला. मी लेव्हल ट्यूब मागवली. ढाळ खरंच उलटा होता, पाऊण इंचानं. पंधरा दिवस त्या गच्चीवर पाण्याबरोबर राहिलेलं माणूस ती एकटीच होती, तिच्याइतकी ती गच्ची कुणालाच ठाऊक नव्हती. वॉटरप्रूफिंगच्या आधी दुरुस्ती झाली आणि खालच्या फ्लॅटवाल्यांचे पुढचे वीस पावसाळे वाचले.

माझ्या साइट डायरीत त्या दिवशीची नोंद आहे: ‘गच्चीचा ढाळ तपासला, बदलून घेतला.’ तिचं नाव नाही. मी विचारलंच नव्हतं.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं माणसांवर कोसळलं. नंतर गावोगावच्या घरांची दुरुस्ती आणि मजबुती सुरू झाली तेव्हा महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. छतावरची माती किती कमी करायची, दगडी भिंत आरपार कशी सांधायची, हे त्या शिकल्या, घरोघर समजावत फिरल्या, ठेकेदाराच्या कामावर नजर ठेवून राहिल्या. आमच्या व्यवसायाच्या इतिहासात त्यांना कुठल्या प्रकरणात घालणार?

ज्येष्ठांच्या एका मुद्द्यापुढे मात्र माझी मान खाली जाते. ते म्हणाले, मुली शिकतात आणि मग सोडून जातात. जातात. महर्षी कर्व्यांच्या संस्थेनं १९९४ मध्ये पुण्यात मुलींसाठी आर्किटेक्चरचं कॉलेज काढलं. तिथून आणि इतर कॉलेजांतून आलेल्या कितीतरी हुशार मुली मी पाहिल्या. माझ्या ऑफिसातून तिघी बाळंतपणानंतर परतल्या नाहीत. त्यांनी सोडलं असं मीही बरेच दिवस म्हणत होते. खरं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री दोनपर्यंत थांबणं म्हणजेच निष्ठा, ही कॉलेजच्या स्टुडिओत लागलेली खोड मी माझ्या ऑफिसात तशीच चालवली. साडेसहाला निघणारीला मी कधी ‘चेक्ड’च्या चौकोनात बसवलं नाही. मला तेव्हा कुणी हटकलं असतं तर मीही म्हटलं असतं, इमारतीला लिंग नसतं.

आणि ‘योगदान’ या शब्दाचं काय करायचं? गणपतीची वर्गणी द्यावी तसं वाटतं ते. मंडळ दुसऱ्याचं, मांडव दुसऱ्याचा, आपण पावती फाडायची आणि पाटीवर खाली बारीक अक्षरांत नाव बघायचं. चंडीगडच्या मुख्य आर्किटेक्टनं चंडीगडला योगदान दिलं नाही. तिनं नोकरी केली, काम केलं, सह्या केल्या.

परवा त्याच संस्थेचं पत्र आलं. येत्या ८ मार्चला ‘वास्तुकलेतील स्त्रियांचे योगदान’ या विषयावर पंधरा मिनिटं बोलावं, पुष्पगुच्छ आणि आभारप्रदर्शन यांच्या मधे. मी होकार कळवला आहे. विषय तेवढा बदलून मागितला आहे: गच्चीचा ढाळ आणि वॉटरप्रूफिंग. उत्तर अजून आलेलं नाही.